बॉनेटवरची वीतभर जागा

सुभेदार हंबीररावांनी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली आणि निवृत्त होताना फौज घरी घेऊन आले. पहाटे साडेपाचला उठायचं, पांघरुणाच्या घड्या कोपऱ्याला कोपरा जुळवून घालायच्या, चपलांचा जोड भिंतीला काटकोनात ठेवायचा. त्यांच्या पत्नी बनुबाई यांनी पहिलं वर्ष कुरकुर केली, दुसऱ्या वर्षी नाद सोडला. साताऱ्याच्या कडेला निवृत्त सैनिकांची ती वसाहत. तिथे घरोघरी हीच तऱ्हा. तक्रार करायची तरी कुणाकडे?

अशा माणसाच्या ताब्यात पोटच्या पोराने नवी कोरी गाडी दिली. शिवतेज त्यांचा एकुलता एक. तोही फौजेतच, वर उत्तरेला, बर्फात. पाच वर्षं पैसे साठवून त्याने काळीभोर गाडी घेतली, सुट्टीचे आठ दिवस हौसेने चालवली आणि जाताना किल्ली वडिलांच्या हातात ठेवून म्हणाला, "आबा, गाडी तुमच्यावर सोडून चाललोय. मधनंअधनं चालू करत जावा, म्हंजे बॅटरी बसायची न्हाई."

पोरगा बॅटरीबद्दल बोलला होता. हंबीररावांनी मात्र त्यातून हुकूम काढला तो चमकेचा.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी ते गाडीपुढे उभे राहू लागले. एका हातात पिवळं फलालीनचं फडकं, दुसऱ्या हातात पितळेचं पॉलिश. हो, पितळेचंच. पट्ट्याचं बक्कल, टोपीवरचा बिल्ला, बटणं, सगळं ज्याने आयुष्यभर चमकवलं, त्याने गाडी का चमकणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. ड्रायव्हरच्या बाजूने बॉनेटला सुरुवात करायची आणि गोल गोल घासत गाडीला पुरा फेरा मारायचा. दोन वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. सकाळच्या सावलीत गाडी लखलखायची आणि सुभेदार दोन पावलं मागे सरून तिच्याकडे असे बघायचे, की बनुबाई आतून म्हणायच्या, "आवं, चहा निवला. लगीन लागलंय का गाडीसंगं?"

घोटाळा उघड झाला तो लोणंदला, एका लग्नात. मार्चमधली दुपार, डोक्यावर ऊन, आणि मांडवाबाहेर ओळीने लावलेल्या गाड्या. वसाहतीतलेच निवृत्त हवालदार कोंडीबा पान चघळत तिथे आले, गाडीभोवती हिंडले आणि अगदी निरागसपणे म्हणाले, "सुभेदार, गाडीवर कोळ्यानं जाळं विणलंय का वो?"

हंबीररावांनी वाकून बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उन्हात बॉनेटवर हजारो बारीक गोल चरे उमटले होते, एकात एक, एकावर एक. काळा रंग काळा राहिलाच नव्हता. चुलीतल्या थंड राखेसारखी कळा आली होती त्याला. दोन वर्षं गाडी सावलीतच बघितल्याने हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला होता मारुती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? आणखी जोरात घासलं. माणसाला एकच औषध ठाऊक असलं की तो तेच दुप्पट घेतो.

पुढच्याच आठवड्यात शिवतेजचा फोन आला की दोन वर्षांनी सुट्टी मंजूर झाली, येत्या शनिवारी साताऱ्याला उतरतो. एरवी सुभेदारांनी पेढे आणले असते. या वेळी ते ओट्यावर जाऊन बसले. या पोराला त्यांनी लहानपणी कसं वाढवलं होतं ते त्यांचं त्यांनाच आठवत होतं. शाळेच्या बुटावर धूळ दिसली की फाटकातून परत, वहीची पानं दुमडली की परत, अंथरुणाची घडी वाकडी पडली की परत. "दिलेली वस्तू नीट ठेवता येत न्हाई त्यानं फौजेची सपनं बघू नयेत," हे वाक्य त्या पोराने शंभर वेळा खालमानेने ऐकलं होतं. आणि आता त्याने विश्वासाने दिलेली, त्याच्या घामाची वस्तू बापाने स्वतःच्या हाताने नासली होती. शनिवारी पोराला तोंड कसं दाखवायचं, हाच एक घोर त्यांच्या जिवाला लागला.

साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी बघून मान हलवली. "हे नुसत्या पॉलिशनं जायाचं न्हाई, सुभेदार. पाण्यातला घासायचा कागद मारावा लागंल. आमी मारला तर रंगच उडवून ठिवू. त्यो हात मिरजंत हाय. महेजबीन म्हणून बाई हाय, तिच्याकडं जावा."

मिरज हे ऐकून हंबीररावांना हायसं वाटलं. साताऱ्यात काम केलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीत डंका पिटला असता. आणि मिरजेला निघालेल्या माणसाला कुणी कारण विचारत नाही. तिथे माणूस एक तर डॉक्टरकडे जातो, नाही तर डॉक्टरकडे गेलेल्याला भेटायला जातो. त्यांनी बनुबाईंना सांगितलं, "छातीत जरा जड जड वाटतंय. मिरजंला दाखवून येतो. दोन दिवस ठिवून घेतील तपासायला. तू येऊ नगंस, तितं बसायला जागा नसती." अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने आजारपणाची खोटी रजा कधी घेतली नव्हती. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं गरजेपेक्षा मोठं खोटं बोलून बसतो.

मिरजेच्या स्टेशनामागे एका बोळात पत्र्याची शेड होती. दारात पाण्याची टाकी, आत भरपूर ट्यूबलाइटी, आणि फरशी अशी धुतलेली की सुभेदारांनी नकळत चपला बाहेर काढल्या. महेजबीन पस्तिशीची, बारीक अंगाची बाई. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, अंगावर रबरी एप्रन, हातात बांगडी नाही की बोटात अंगठी नाही. तिने आधी सुभेदारांच्या पट्ट्याकडे बघितलं.

"काका, जरा लांब उभं ऱ्हावा. बक्कल घासतंय गाडीला."

सुभेदार दोन पावलं मागे सरले. कुणी बाईमाणसाने त्यांना मागे सरायला सांगायची ही पहिलीच वेळ होती.

तिने गाडी नुसत्या पाण्याने धुतली, वाळवली आणि मग एक विचित्र गोष्ट केली. पावाची रिकामी प्लास्टिकची पिशवी हातात घातली आणि पिशवीवरूनच बोटं बॉनेटवर अलगद फिरवली. "तुमी बघा," म्हणून पिशवी सुभेदारांकडे दिली. त्यांनी आधी उघड्या हाताने चाचपलं, तर बॉनेट गुळगुळीत. पिशवी घालून चाचपलं, तर वाळूचा कागद. बोरच्या पाण्याचे सुकलेले थेंब, रस्त्याची बारीक कच, सगळं बोटांशी बोलू लागलं. हे आपल्याला कुणी आधी का सांगितलं नाही, असं त्यांना वाटून गेलं.

मग तिने हातात दिवा घेतला आणि गाडीभोवती सावकाश फिरली. कुठे थांबली, कुठे वाकली, एका जागी तर फरशीवर गुडघे टेकून बघत राहिली. शेवटी विचारलं, "गाडी कोण पुसतं?"

"हाय एक पोरगा आमच्याकडं," सुभेदार म्हणाले. कान तापले होते त्यांचे.

"पोरगा साठीच्या पुढचा दिसतोय," महेजबीन दिव्याखालच्या पत्र्यावरची नजर न काढता म्हणाली. "उजव्या हातानं पुसतो. रोज ड्रायव्हरच्या बाजूनं बॉनेटला सुरवात करतो, तवा कापडावर पॉलिश ताजं असतं आणि हातात जोर असतो. मागं डिकीपर्यंत जाईस्तोवर दमतो. टपावर मधोमध हात पोचत न्हाई, तिथला रंग अजून नवा हाय. आणि पॉलिश गाडीचं न्हाई, पितळेचं हाय. फौजी माणूस हाय का वो त्यो पोरगा?"

सुभेदारांनी जन्मभर दुसऱ्यांची तपासणी केली होती. कुणाच्या बटणावरचा डाग, कुणाच्या गालावरचा राहिलेला केस, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. आज त्यांची तपासणी एका पस्तिशीच्या बाईने केली, आणि नुसत्या चऱ्यांवरून त्यांची दोन वर्षांची प्रत्येक सकाळ वाचून दाखवली. राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना मनातून मोठा आदर वाटला. असली नजर त्यांनी फौजेत दोनच माणसांकडे बघितली होती.

"मीच त्यो," ते म्हणाले. "पोराची गाडी हाय. शनिवारी येतोय."

महेजबीन हसली नाही. तिने कपाटातून रंगाची जाडी मोजायचा एक छोटा मीटर काढला आणि गाडीवर जागोजागी टेकवून आकडे बघितले. मग साध्या शब्दांत समजावलं. रंगाच्या वर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याइतका. गाडीची सगळी झळाळी त्या थरात. चरे पडलेत तेही त्याच थरात. चरा काही उचलून फेकता येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर चऱ्याच्या तळापर्यंत उतरवायचा, की चरा आपोआप नाहीसा होतो.

"म्हंजे घासून झालेलं नुसकान घासूनच काढायचं?"

"व्हय. पण मोजून."

दारं एकशे वीस मायक्रॉन भरली, टप एकशे पंचवीस. बॉनेटवर एकशे पाच. आणि ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटच्या कडेला, जिथून सुभेदार रोज सुरुवात करायचे, तिथे वीतभर जागेत मीटरने ब्याऐंशी दाखवले. महेजबीनने तिथे तीनदा मीटर टेकवला. तिन्ही वेळा तोच आकडा. तिने त्या जागेभोवती पिवळी चिकटपट्टी लावून चौकोन करून ठेवला.

सुभेदारांनी जवळच्याच लॉजवर खोली घेतली. तो लॉज पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेला. मालकाने सवयीने विचारलं, "पेशंट कोण तुमचं?" यांनी उत्तर दिलं, "हाय जवळचं." त्यावर मालकाने बिचाऱ्याने धीर दिला, मिरजेला आलेला माणूस बरा होऊनच जातो म्हणाला. सुभेदारांना मान वर करवली नाही.

गुरुवारी सकाळी काम सुरू झालं तसे ते शेडमध्ये स्टुलावर ठाण मांडून बसले. महेजबीनने कागद आदल्या दिवसापासून बादलीत भिजत घातले होते, काळे, मऊ, हाताला जेमतेम खरखर लागेल असे. दारांच्या कडा आणि पत्र्याच्या उभ्या घड्या तिने पट्टीने झाकल्या, कारण कडेला रंग मुळातच पातळ बसतो. मग कागद रबराच्या ठोकळ्याला गुंडाळला, पत्र्यावर पाणी सोडलं आणि हात चालू केला. गोल अजिबात नाही. सरळ, एका रेषेत, पुढे आणि मागे, ठोकळ्यावर जोर इतका कमी की आपल्याला वाटावं ही नुसती पाणी पसरतेय. कागदाखालून दुधासारखं पांढरं पाणी वाहू लागलं. दर दहा-बारा हातांनी ती रबरी पट्टीने पाणी ओढायची, वाकून बघायची, कागद बादलीत खळखळून धुवायची. एक कचेचा कण अडकला तरी नवा चरा पडायचा, म्हणून धुण्यात तिचा अर्धा वेळ जायचा आणि त्याची तिला मुळीच घाई नव्हती.

पहिलं दार वाळलं तेव्हा सुभेदार ताडकन उभे राहिले. होती नव्हती ती चमकही गेली होती. काळ्या गाडीचं दार पांढुरकं, मेलेलं, पाटीवर खडू पुसल्यासारखं झालं होतं.

"बाई, हे काय केलंसा?"

"आता सगळं एका पातळीत आलं," ती म्हणाली. "आता ह्याच्यात एकबी चरा न्हाई. बघा पाहिजे तर."

त्यांनी दिवा घेऊन बघितलं. खरंच नव्हता. सगळीकडे सारखा धुरकट पडदा, पण जाळं गेलं होतं.

तिचे वडील सतारींना पॉलिश करायचे, हे तिने दुसरा कागद लावता लावता सांगितलं. मिरजेच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी भोपळ्यांवर लाखेचं पॉलिश चढवलं. "अब्बा म्हणायचे, कागदाचा आवाज ऐकत जा. खरबडीत असतंय तवा कागद बोलतोय. सपाट झालं की गप्प बसतोय. त्यो गप्प बसल्यावर बी जो घासतोय, त्याला सतारीचं काम द्यायचं न्हाई." सुभेदारांनी कान देऊन ऐकलं, आणि त्यांना ते खरंच ऐकू आलं. आधी बारीक करकर होती, मग सळसळ, मग फक्त पाणी. अगदी त्याच क्षणाला तिचा हात थांबायचा. एवढ्या वर्षांत त्यांनी शेकडो माणसांना शिस्त शिकवली, पण हात पुढे रेटायची शिस्त वेगळी आणि नेमका थांबवायची वेगळी, हे त्यांनी त्या स्टुलावर बसून बघितलं.

संध्याकाळच्या आत तिने मशिन लावलं. मेंढीच्या लोकरीची गोल गादी, तिच्यावर पॉलिशच्या मलमाचे वाटाण्याएवढे चार ठिपके. गादी दारावर फिरू लागली आणि धुरकट पडद्यातून काळा रंग वर आला. आधी एक पट्टा, मग दुसरा, मग पूर्ण दार. मग लोकर काढून मऊ फोमची गादी, आणखी बारीक मलम, पुन्हा तोच सावकाश फेरा. शेवटी तिने कापडाने एकदाच हलकं पुसलं आणि बाजूला झाली.

सुभेदार उठून जवळ गेले. दारात छतावरची ट्यूबलाइट दिसत होती, आणि नुसती दिसत नव्हती तर तिच्या टोकाला छापलेली बारीक अक्षरं उलटी वाचता येत होती. आडातल्या पाण्यासारखा खोल काळा रंग. गाडी नवी घेतली तेव्हाही ती अशी नव्हती, याची त्यांना खात्री होती, कारण तेव्हा त्यांनी ती इंच इंच बघितली होती. त्यांना लहान पोरासारखा आनंद झाला. मग त्यांनी टाचा जुळवल्या आणि महेजबीनला कडक सलाम ठोकला. ती लाजून मशिनची वायर गुंडाळत बसली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारपर्यंत टप, मागची बाजू आणि बॉनेट झालं. राहिला पिवळ्या पट्टीतला वीतभर चौकोन. महेजबीनने पट्टी काढली, मीटर टेकवला, सगळ्यात मऊ कागद घेऊन मोजून चार हात मारले, पुन्हा मीटर टेकवला, आणि कागद बादलीत टाकून दिला.

"ह्याच्यापुढं न्हाई," ती म्हणाली. "वरनं हलकं मलम फिरवते. थोडं जाळं ऱ्हाईल."

सगळी गाडी आरसा, आणि नेमक्या नजरेत भरणाऱ्या जागी वीतभर धुरकट डाग. सुभेदारांच्या डोळ्यांसमोर शिवतेज उभा राहिला. फाटकातून आत येईल आणि पहिली नजर तिथेच जाईल.

"अजून दोन हात मारा की. जाईल ते."

"जाईल. आज आरसा दिसंल. आणि दोन उन्हाळ्यात हितला रंग सोलून निघंल. वरचा थर उरलाच न्हाई हितं, काका."

"दोन उन्हाळ्यांचं पुढं बघू. उद्या पोरगं येतंय. मारा तुमी, माझी जबाबदारी." हा सुभेदारांचा परेडच्या मैदानावरचा आवाज होता. या आवाजापुढे चांगले चांगले पहिलवान गडी चळचळ कापले होते.

महेजबीन बोटं एकेक करून पुसत राहिली. "गाडी तुमची हाय, जबाबदारीबी तुमची," ती शांतपणे म्हणाली. "पण हात माझा हाय. मी न्हाई करणार."

सुभेदार बोलायला तोंड उघडणार तोच खिशातला फोन वाजला.

"आबा," पलीकडून शिवतेजचा आवाज आला, धापा टाकत. "मी मिरज स्टेशनच्या भाईर उभा हाय. कुठल्या हॉस्पिटलात ठिवलंय तुमाला?"

झालं होतं ते असं. बनुबाईंनी पहिली संध्याकाळ होईपर्यंत कसाबसा धीर धरला आणि मग राहवेना म्हणून पोराला फोन लावला. छातीत दुखतंय, मिरजेला ठेवून घेतलंय, मला येऊ देत नाहीत, विचारलं तर नीट सांगत नाहीत. शिवतेजने साहेबांच्या हातापाया पडून रजा एक दिवस अलीकडे ओढली, मिळेल त्या गाड्या धरत पुणं गाठलं, आणि पुण्याहून निघालेल्या रेल्वेत सातारा स्टेशन आलं तरी तो खाली उतरला नाही. सरळ मिरजेला आला.

हंबीररावांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. सोडलं मला, तू साताऱ्याला जा, मी मागनं येतो. एवढं म्हटलं की निभावलं असतं. रात्रीपर्यंत या बाईला कसंही पटवता आलं असतं. ते फोन कानाला लावून उभे राहिले. समोर महेजबीन बादलीतले कागद धुऊन एकावर एक रचत होती. ज्या गोष्टीला नाही म्हणायचं तिला तिने चढलेल्या आवाजापुढे सरळ नाही म्हटलं होतं, आणि आपण मात्र एका डागापायी बायकोला आणि पोराला दोन दिवस फसवत होतो. याची त्यांना मनापासून शरम वाटली.

"मी हॉस्पिटलात न्हाई, शिवा," ते म्हणाले. "मला काय झालेलं न्हाई. ठणठणीत हाय मी. तू रिक्षा कर आणि हितं ये. पत्ता ह्या बाई सांगत्यात." आणि फोन तिच्या हातात दिला.

रिक्षा यायला दहा मिनिटं लागली. सुभेदार तोवर बॉनेटजवळ उभे होते. बाजूला मोठं फडकं पडलं होतं, ते त्या जागेवर टाकायचा मोह त्यांना झाला, पण त्यांनी हात मागे बांधून घेतले.

शिवतेज आला तो पाठीवर बोजा तसाच घेऊन. डोळे तांबारलेले, शर्ट चुरगळलेला आणि गालावर दोन दिवसांची दाढी. फौजेत गेल्यापासून पोराला दाढी वाढलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. सवयीने त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोराने जवळ येऊन त्यांचे खांदे धरले, दंड चाचपले, छातीवर हात ठेवला.

"काय झालंय? खरं सांगा, आबा."

"मला न्हाई झालं. गाडीला झालंय. मीच केलंय." आणि मग सुभेदारांनी सगळं सांगितलं. पितळेचं पॉलिश, लोणंदचं लग्न, कोंडीबा, बनुबाईंना मारलेली थाप, सगळं. खालमानेने सांगितलं.

शिवतेजने आधी आईला फोन लावला. "आई, आबा बरं हायत. काय झालेलं न्हाई त्यास्नी. घरी आल्यावर सांगतो." पलीकडून बनुबाईंचा हुंदका सगळ्यांना ऐकू आला, आणि पाठोपाठ, "घरी येऊ देत, मग बघते," हेही. मग त्याने फोन खिशात टाकला, उपड्या बादलीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"दोन दिवस डोळ्याला डोळा न्हाई माझ्या," तो हातांच्या आडून म्हणाला. "मला वाटलं पोचतोय का न्हाई. आणि तुमी हितं एका गाडीला भिऊन बसलासा?"

"गाडीला न्हाई," हंबीरराव म्हणाले. "तुला."

शिवतेजने हात खाली घेतले आणि बापाकडे बघितलं. "मला भ्यालासा? तुमी?"

"व्हय. तू विश्वासानं दिली, आणि मी राखली न्हाई. हितं बघ. बाकी सगळं ह्या बाईंनी सोन्यासारखं केलंय, पण ह्या वीतभर जागंवरचं जाळं आता निघायचं न्हाई. मी जबरदस्ती करत होतो. त्यांनी ऐकलं न्हाई. बरं केलं."

शिवतेज उठला. गाडीभोवती एक फेरा मारला. दारातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघून क्षणभर थबकला, महेजबीनकडे बघून मान लववली आणि बॉनेटपाशी येऊन त्या जागेवर वाकला. बराच वेळ बघत राहिला. हंबीरराव त्याच्यासमोर टाचा जुळवून, हात मांड्यांना लावून उभे होते, आणि आपण असे उभे आहोत हे त्यांना कळतही नव्हतं.

"हितं एवढं कशानं झिजलं?" शिवतेजने विचारलं.

उत्तर महेजबीनने दिलं. "रोज सकाळी पयला हात हितं पडायचा त्यांचा. दोन वर्षं."

"रोज?"

"एक दिवस खाडा न्हाई," हंबीरराव हळूच म्हणाले. "तुझा फोन लागायचा न्हाई तितनं. आठ-आठ दिवस लागायचा न्हाई. सकाळी उठून तुझ्यासाठी काय करावं, ते सुचायचं न्हाई मला. मग हे करायचो."

शिवतेज सरळ झाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. त्याने त्या वीतभर जागेवर आपला पंजा पालथा घातला. पंजा बरोबर मावला.

"ताई, हितं मलमसुदीक फिरवू नगासा," तो म्हणाला. "हाय तसं ऱ्हाऊ द्या."